बाईनं फेरलेलं छप्पर

वादळ समुद्रावर येणार होतं. टीव्हीवर तीन दिवस तेच चाललं होतं. वाकलेली नारळाची झाडं, किनाऱ्यावरून हलवलेली माणसं, पाण्यात उभा राहून ओरडणारा बातमीदार. आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की वादळ जमिनीवर आलं आणि कमजोर पडलं. सासरे म्हणाले, "चला, निपटलं." दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ते कमजोर पडलेलं वादळ अख्खं छत्तीसगड ओलांडून आमच्या अंगणात आलं.

मी मिरच्या गोळा करत होते. आधी छपरावर कुणी खडे टाकतंय असा आवाज झाला. मग कवेलू, म्हणजे मातीची कौलं, एकेक करून उलटे व्हायला लागले आणि घरातून आभाळ दिसायला लागलं. सासूबाईंना दम्याचा त्रास. त्यांना मी आणि सासऱ्यांनी बाजेसकट ओढत धानाच्या कोठीजवळ नेलं, कारण तेवढ्या एका कोपऱ्यावर छप्पर शाबूत होतं. वारा अर्धा तास होता की कमी, मला सांगता येणार नाही. थांबला तेव्हा अंगणात फुटलेल्या कवेलूंचा लाल चुरा पसरला होता आणि त्यावर कच्चे आंबे पडले होते. आमच्याकडे आंब्याचं झाड नाही. ते आंबे दोन घरं ओलांडून आले होते.

तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. सासरे सत्तरीच्या पुढचे, सासूबाई त्यांच्याहून थोड्या लहान, आणि मी. मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या आईकडे, देवरीच्या जंगलपट्ट्यात गेलेली. नवरा एका ठेकेदाराकडे विजेच्या खांबावर चढायचं काम करतो. वादळ झालं की सगळ्यांची माणसं घरी परततात, माझा माणूस घराबाहेर पडतो. त्या संध्याकाळीच तो कामावरून परस्पर सालेकशाच्या बाजूला गेला, आणि नंतरचे नऊ दिवस त्यानं दुसऱ्यांच्या गावात दिवे लावले. आमच्या गावात अंधार होता.

सकाळी उठून पाहिलं तर रस्त्यावर मोहाचं मोठं झाड आडवं. विजेचे खांब मधोमध मोडलेले. चिंचेखाली बगळे मरून पडले होते, पांढरे, ओले, त्यांना कुत्रीसुद्धा तोंड लावत नव्हती. नळाची टाकी मोटारीवर भरते, मोटार विजेवर चालते, म्हणजे पाणी बंद. हातपंपावर सकाळी पाचपासून गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग लागली. चक्की बंद होती, पण आमचा हा भाताचा मुलूख, पिठावाचून कुणाचं अडलं नाही. आंबे मात्र इतके पडले होते, की पुढचे कितीतरी दिवस घराघरांत आंब्याचंच आंबट वरण शिजत होतं. लोक हसत होते, "देवानं दात आंबवले."

मी गुंड भरून आणले, चूल पेटवली आणि छपराकडे पाहिलं. पुढच्या पाखीचे, म्हणजे उतरणीचे, कवेलू अर्ध्याहून जास्त गेले होते. मागची पाखी थोडी बरी होती. दोन्ही पाखी जिथं मिळतात ते आडं जागेवर होतं, पण दोन-तीन वासे सरकले होते. देवाच्या खोलीवर तर नुसता सांगाडा उरलेला. कोठीजवळच्या कोपऱ्यातही आता फटींतून उजेड येत होता.

कवेलू फेरणारी, म्हणजे उतरवून नव्यानं लावणारी, माणसं आता फार उरली नाहीत. आमच्या भागात दोघंच भाऊ. मी त्यांच्या घरी चालत गेले. थोरला ओट्यावर बसून भात खात होता. माझ्या आधी तिथं आठ-दहा माणसं येऊन गेलेली.

"पंधरा दिवस तरी लागतील, बाई," तो म्हणाला. "आमी दोघं, घरं दोनशे. का करू, तुकडे करून घेऊ का आपले?"

"घरात दम्याचं मानूस आहे," मी म्हणाले.

"सगळ्यायच्याच घरी कोनी ना कोनी आहे."

तो खोटं बोलत नव्हता. मी परत फिरले. दुकानात प्लॅस्टिकची ताडपत्री मागितली, ती आदल्या दिवशीच संपली होती. युरियाची रिकामी पोती उसवून मी आणि शेजारच्या काकींनी बाजेवर मांडव घातला. काकी विधवा, एकट्या राहणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. त्यांच्या घराला मागच्याच वर्षी घरकुलाचा स्लॅब पडला होता, त्यामुळे त्यांचं काही गेलं नव्हतं.

दुपारी कोतवाल आला. पंचनामा होईपर्यंत घराला कुणी हात लावू नये, असा निरोप सांगत तो दारोदार फिरत होता.

"पंचनामा कधी होईल?" मी विचारलं.

"साहेब येतील तवा."

"साहेब कधी येतील?"

"रस्ता मोकळा झाला का."

त्या संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. वारा नव्हता, नुसता मुसळधार पाऊस. पोत्यांच्या मांडवात पाणी साचलं आणि तो एका बाजूनं कोसळला. सासूबाईंचं अंथरूण भिजलं. मग त्यांचा दमा उठला. ज्यांनी दमा जवळून पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. माणूस तुमच्याकडे पाहत असतो, बोलू शकत नाही, आणि गळ्याच्या खळग्यात कातडी आत-बाहेर होत असते. फवाऱ्याचं औषध संपत आलं होतं. मी त्यांना माझ्या छातीला टेकवून बसवलं. सासरे आमच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते, घरातल्या घरात. वरून पाणी देवाच्या खोलीत पडत होतं आणि पितळी देव ताटलीत तरंगल्यासारखे दिसत होते.

पाऊस ओसरल्यावर सासूबाईंना जरा श्वास आला. मी सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, उद्या मी चढते वर."

"कुठं?"

"छपरावर. कवेलू फेरते."

त्यांना आधी वाटलं मी रागानं बोलतेय. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"या घराच्या छपरावर आजपावतो बाईचा पाय पडला नाई," ते म्हणाले. "खाली देव आहे. देवाच्या डोस्क्यावर पाय देशील?"

हा आमच्या गावातला जुना नियम. बाई शेतात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकेल, डोक्यावर भारा आणेल, पण छपरावर चढणार नाही. खाली पुरुष असतात, देव असतात. का, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माझ्या माहेरी मी चिंचेवर, चारोळीच्या झाडावर चढून वाढलेली. लग्न झालं आणि चढणं बंद झालं, इतकंच.

मी काही बोलायच्या आधी सासूबाई बोलल्या. एका श्वासात दोन शब्द, असं बोलल्या.

"पाऊस देवाले... ओला करून राहिला... ते चालते. अन् बाईचा पाय... नाई चालत?"

"तू झोप."

"मी झोपीन. वाळली जागा... दे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू चढ. त्यायले मी पाहून घेईन."

सासऱ्यांनी ओली छत्री झटकून भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेजवळ गेले. तिथं एकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून फोन चार्ज करायची सोय केली होती. पंधरा-वीस फोन एका पाटीत पडलेले. माझा जिवंत झाला तसा मी नवऱ्याला लावला. त्याचा आवाज बसला होता.

"इकडं लाइनच्या लाइन आडवी आहे," तो म्हणाला. "आठ दिवस मले हलता येत नाई."

"या म्हनून फोन नाई केला. कवेलू फेरायले मी चढून राहिली."

त्याच्या मागे कुणीतरी दोर ओढायला ओरडत होतं.

"बाबा मानतील?"

"त्यायले विचारून झालं."

मग तो म्हणाला, "माळ्यावर माझा जुना दोर आहे. कमरेले बांधजो अन् दुसरं टोक आड्याले. ओल्या कवेलूवर उभी नोको राहू, बसून सरक. आन वाश्यावरच भार दे, मधात नाई." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. एवढं सलग तो माझ्याशी फोनवर पहिल्यांदा बोलला.

घरी येऊन मी त्याची जुनी पॅन्ट घातली, वरून साडी गुडघ्यापर्यंत खोचली. पुढे गावात छपरापेक्षा त्या पॅन्टचीच चर्चा जास्त झाली. काकींनी बांबूची शिडी धरली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसे सासरे घरातून बाहेर आले. त्यांच्या डोक्यावर त्यांची बाज होती.

"बाईनं फेरलेल्या छपराखाली मी झोपनार नाई," त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि बाज घेऊन गोठ्यात गेले.

मला वाईट वाटलं, हे कबूल करते. माणूस वाईट नव्हता तो. पाऊस ओसरेपर्यंत छत्री धरून उभा राहिलेला. पण आता थांबायचं म्हणजे सासूबाईंना पुन्हा भिजवायचं. मी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

वर गेल्यावर पहिल्यांदा काही सुचलं नाही. खालून जे छप्पर घरासारखं दिसतं ते वरून नुसती उतरण असते. मी आड्याला दोर बांधला, वाशावर बसले आणि शाबूत कवेलू वेगळे काढायला लागले. आमचे कवेलू जुन्या पद्धतीचे, अर्ध्या नळीसारखे. एक ओळ उताणी, पन्हळीसारखी, आणि दोन उताण्या ओळींच्या फटीवर तिसरी पालथी. वळचणीपासून सुरुवात करून वर आड्याकडे जायचं, म्हणजे वरच्याचं पाणी खालच्यावर पडतं. हे मला ऐकून माहीत होतं. हातानं करताना कळलं, की उताणी ओळ एक बोट जरी तिरपी गेली तरी पुढच्या चार ओळी हट्टानं तिरप्याच जातात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लावलेलं सगळं मी काढून पुन्हा लावलं.

रस्त्यावर माणसं थांबत होती. एकजण म्हणाला, "वहिनी, खाली या, लोक पाहून राहिले."

"रिकामे असतील तर पाहू द्या," काकी खालूनच म्हणाल्या. "नाई तर कवेलू द्या म्हना उचलून."

तो निघून गेला. कवेलू कुणी उचलून दिले नाहीत, पण हसणंही कमी झालं.

दुपारनंतर माझ्या हातून चूक झाली. घाई झाली होती, आभाळ भरून आलेलं. वाशावर न ठेवता पाय मध्ये पडला, खालची बांबूची कुजकी कामटी मोडली आणि मी कमरेपर्यंत आत गेले. दोर ताणला गेला आणि मी तिथंच लटकले. अर्धी घराच्या वर, अर्धी घराच्या आत. खाली सासूबाईंना त्यांच्या डोक्यावर माझे दोन पाय हलताना दिसले असणार. त्या किंचाळल्या नाहीत. दम्याच्या माणसाला किंचाळता येत नाही. त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि माझ्या तळव्याला खालून टेकू दिला. त्या काठीवर पाय रेटून मी वर आले.

मांडी लांबवर सोलवटली होती. पॅन्ट फाटून रक्तानं चिकटली. मी खाली उतरले, हळद भरली, पाणी प्यायले. काकी म्हणाल्या, "आज राहू दे आता."

मी शिडीकडे पाठ करून बसले. मला ठाऊक होतं, की आज वर गेले नाही तर उद्या जाणार नाही, आणि गोठ्यातून मान काढून पाहणाऱ्या माणसाला ते बोलायला कायमचं सापडेल. मी परत चढले. त्या दिवशी फक्त दोन ओळी आणखी लावल्या. पण लावल्या.

दुसऱ्या दिवशी कवेलू कमी पडले. काकी मला त्यांच्या परसात घेऊन गेल्या. स्लॅब टाकताना त्यांच्या घरावरून उतरवलेले कवेलू तिथं वेलींखाली रचून ठेवलेले होते. सगळे त्यांच्या नवऱ्यानं हातानं घडवून भाजलेले. त्यांनी कधी ते विकले नव्हते, फेकलेही नव्हते.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"काकी, हे..."

"कवेलू आहेत ना ते. मातीत ठेवून का करू? छपरावर जाऊ दे." त्यांनी स्वतःच पहिली पाटी भरली. मधे एकदा एक कवेलू हातात घेऊन त्या जरा थांबल्या, त्यावर बोटाचे ठसे होते. मग तोही पाटीत टाकला.

चौथ्या दिवशी सासरे सकाळीच कामठ्याला गेले. तिथं त्यांच्या बहिणीचं घर पडल्याची खबर आली होती. ते गेले तसं मी काकींना म्हटलं, "चला गोठ्यावर." गोठ्याची एक बाजू उघडीच होती, नेमकी त्यांच्या बाजेवर. दुपारपर्यंत मी ती झाकली. उरलेले चार कवेलू कोपऱ्यात ठेवले आणि घराकडे वळले.

त्याच दिवशी पंचनाम्याला माणूस आला. चिखलानं मोटारसायकल माखलेली, बिचारा दमलेला. छप्पर पाहून म्हणाला, "तुमचं तर जवळजवळ सगळं व्यवस्थित आहे की."

मी त्याला अंगणाच्या कडेला नेलं. फुटलेल्या कवेलूंचा ढीग मी मुद्दाम ठेवला होता, गुडघ्याच्या वर येणारा. शेजारी मोडका वासा, कुजकी कामटी. "हे घ्या," मी म्हटलं. "छप्पर इथं आहे. वर आहे ते मी लावलेलं."

"हात लावू नका असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पावसाले पन सांगा म्हना."

त्यानं माझ्या फाटक्या पॅन्टकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि ढिगाचा फोटो काढला. मग त्यानं पाणी मागितलं. मी आंब्याचं पन्हं दिलं.

पाचव्या दिवशी आडं झाकलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. मी घरात मधोमध उभी राहिले आणि वर पाहत राहिले. सासूबाईपण. एका ठिकाणी थेंब आला, चुलीच्या डाव्या हाताला. तिथं मी पातेलं ठेवलं. देवाच्या खोलीत टिपूससुद्धा नाही. सासूबाईंनी पांघरूण मानेपर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, "गोठ्यात भात देऊन ये."

पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन मी ताट नेलं. सासरे बाजेवर बसले होते, कोरडे. गाय शेजारी रवंथ करत होती.

"घर गळून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"एका जागी. चुलीजवळ."

"हं." त्यांनी घास घेतला. "गोठा चांगला आहे. वादळानं गोठ्याले काई केलं नाई."

"मामाजी, या बाजूचे कवेलू परवा मीच फेरले. तुमी कामठ्याले गेले तवा."

त्यांची मान वर जाता जाता थांबली. घास तोंडात होता. बराच वेळ चावत राहिले.

"मले दिसलं नाई," ते म्हणाले.

"दाखवू का?"

"मले संध्याकाळचं दिसत नाई."

मी ताट तिथंच ठेवून घरी आले. सासूबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की मला फवाऱ्याची बाटली शोधावी लागली. सासरे आणखी चार दिवस गोठ्यातच झोपले. माझ्या छपराखाली.

नवव्या दिवशी दिवे आले. दहाव्या दिवशी नवरा आला. हाताला फोड, डोळे खोल गेलेले. अंगणात उभं राहून त्यानं छप्पर नीट पाहिलं, खांबावरची लाइन पाहतो तसं.

"आडं थोडं वाकडं आहे," तो म्हणाला.

घरातून सासूबाईंचा आवाज आला, "वाकडं असन. गळते का ते सांग."

सासऱ्यांची बाज मग घरात आली. कोणत्या दिवशी आली मला आठवत नाही, कुणी आणा म्हटलं नाही, कुणी का आणली विचारलं नाही. बाईनं छपरावर चढावं हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. मीही त्यांच्याकडून ते वदवून घ्यायला गेले नाही. सासूबाई त्यानंतर दोन पावसाळे जगल्या, दोन्ही कोरड्या अंथरुणात.

वादळानंतरच्या पंधरवड्यात खालच्या आळीतली एक बाई आली. तिचा नवरा हैदराबादला कामाला, घरात दोन लहान मुलं, छप्पर अर्धं उघडं. ती दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. "तुमी याल का?" असं विचारायला आली असावी असं मला वाटलं. मी हो म्हणायच्या बेतात होते.

ती म्हणाली, "ते कवेलू... कसे लावतेत, मले शिकवाल का? अन् तो दोर द्याल?"

मी तिला दोर दिला. पॅन्टही दिली, मांडीवर ठिगळ लावलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरासमोर माणसं जमली, म्हातारे बोलले, कुणीतरी देवाचं नाव काढलं. मी शिडी धरून उभी होते. ती वळचणीपर्यंत गेली, थांबली, तिनं खाली माझ्याकडे पाहिलं.

"वाश्यावर पाय दे," मी म्हटलं. "लोकायकडं नोको पाहू."